नकाशा फुकट, मुक्काम विकाऊ

तिठ्यावरचा | शुक्रवार, रात्री ११:४०

माझं काम दुकानांसाठी जागा शोधायचं. औषधांच्या एका साखळीत आहे, नाव सांगत नाही. २०११ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खात्याची हत्यारं तीन: पायात दणकट बूट, खिशात इस्टेट एजंटांचे नंबर आणि मुठीत तो टिकटिक करणारा काउंटर. सिंहगड रस्त्यावरच्या एका कोपऱ्यावर सलग चार दिवस उभा होतो. माणूस गेला, टिक. जोडपं गेलं, टिक टिक. कडेवरचं मूल धरायचं नाही, असा साहेबांचा नियम. शेजारच्या टपरीवाल्याला वाटलं मी महापालिकेचा, अतिक्रमण मोजायला आलोय. दोन दिवस चहाचे पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं तर मागचे धरून घेतले. त्या कोपऱ्यावर मी 'नको' असा शेरा मारला. त्याची पुढे एक गंमत झाली, ती नंतर.

२०१९ मध्ये एक कंपनी आमच्याकडे डेमो द्यायला आली. लॅपटॉपवर पुण्याचा नकाशा, त्यावर लाल-पिवळे डाग. कुठल्या गल्लीत रविवारी संध्याकाळी किती फोन येतात, ते किती वेळ थांबतात आणि रात्री कुठल्या भागात झोपायला जातात. "सर, नाव नाही, नंबर नाही, सगळं निनावी आहे." मी म्हटलं, जरा आमच्या सोसायटीवर न्या. पोरगा नवीन होता, उत्साहात त्याने डाग बाजूला केले आणि सुटे ठिपके दाखवले. एक ठिपका मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे साडेपाचला आमच्या गेटातून निघतो, एका हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत चार तास थांबतो आणि परत येतो. त्या इमारतीत डायलिसिस होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तीन दिवशी पहाटे रिक्षा कुणासाठी येते हे वॉचमनलाही माहीत आहे.

तेव्हापासून मला हा धंदा वेगळाच दिसायला लागला. आपण म्हणतो, नकाशाचा धंदा, रस्ता दाखवायचा धंदा. रस्त्यात पैसा नाही हो. पैसा माणूस कुठे थांबतो त्यात आहे. ते लोक त्याला 'ड्वेल टाइम' म्हणतात. मी मुक्काम म्हणतो. देवळात थांबला, बारमध्ये थांबला, गाड्यांच्या शोरूममध्ये चाळीस मिनिटं थांबला. यातलं प्रत्येक थांबणं कुणाला तरी विकत हवं असतं.

इथे बरेच आयटीवाले आहेत, म्हणून धागा काढला. हे ठिपके मुळात येतात कुठून?

---

चिंचपोकळी_स्लो | शनिवार, सकाळी ७:१५

सॅटेलाइटवरून येतात की. वरून दिसतंय सगळं. लोकेशन चालू केलं की अमेरिकेला कळतं.

---

बिनतारी | शनिवार, सकाळी ९:०२

चिंचपोकळी_स्लो, हा गैरसमज एवढा घट्ट आहे की दर वेळी नव्याने समजवावं लागतं. जीपीएसचा उपग्रह तुमच्याकडे बघत नाही, त्याला तुम्ही ठाऊकही नाही. तो फक्त ओरडत असतो: मी अमुक, आत्ता इतके वाजले. फोन चार-पाच उपग्रहांचं ओरडणं ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते स्वतः काढतो. आकाशवाणी लावली म्हणून आकाशवाणीला तुमचा पत्ता कळत नाही, तसंच. १ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापरासाठी हा सिग्नल मुद्दाम भोंगळ ठेवायचं. ते थांबवलं आणि मग हा सगळा बाजार उभा राहिला.

चुगली करतो तो फोन, म्हणजे फोनमधली अ‍ॅप्स. आणि जीपीएस बंद असलं तरी दोन वाटा उरतात. एक मोबाइलचे टॉवर. 'व्हेअर इज माय ट्रेन' इंटरनेट नसतानाही गाडी कुठे आहे ते कसं सांगतं? फोनला कुठला टॉवर दिसतोय त्यावरून. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जचं अ‍ॅप ते, डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच घेतली. दुसरी वाट वाय-फाय. तुमच्या आजूबाजूला कुणाकुणाचे राउटर आहेत याची यादी म्हणजेच तुमचा पत्ता. खालच्या जोशींचा, वरच्या शेखांचा आणि समोरच्या क्लासचा राउटर एकत्र दिसणारी खोली जगात एकच असते.

आता ठिपके विकले कसे जातात ते. हवामानाचं, टॉर्चचं, पंचांगाचं एखादं फुकट अ‍ॅप बनवणाऱ्याला एक कंपनी म्हणते, आमचा एवढा कोडचा तुकडा आत घाल, दर हजार वापरणाऱ्यांमागे महिन्याला अमुक पैसे देतो. त्या तुकड्याला एसडीके म्हणतात. तो लोकेशन उचलून परस्पर मालकाकडे पाठवतो. दुसरा रस्ता जाहिरातींच्या लिलावाचा. तुम्ही अ‍ॅप उघडलं की जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीचा क्षणार्धात लिलाव होतो. बोली लावणाऱ्या सगळ्यांकडे तुमच्या फोनचा जाहिरात-क्रमांक (जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून दिलेला नंबर) जातो, बऱ्याचदा अक्षांश-रेखांशही. जिंकतो एक, पण चिठ्ठी सगळ्यांनी वाचलेली असते. काही जण बोली लावायला येतच नाहीत, चिठ्ठ्या गोळा करायला येतात.

---

आजीचा_बटवा | शनिवार, सकाळी ९:४०

पंचांगाचं अ‍ॅप?? 😳 आत्ताच काढून टाकते.

---

बिनतारी | शनिवार, सकाळी ९:४४

अहो उदाहरण दिलं! तुमचं पंचांग साधं असेलही. परवानग्यांत जाऊन बघा. तिथी सांगायला त्याला चोवीस तास तुमचं लोकेशन कशाला हवं? सूर्योदयासाठी गाव विचारलं तर समजू शकतो.

---

फ्रेमाँटचा_विन्या | शनिवार, दुपारी १२:३०

इकडची गंमत सांगतो. फोरस्क्वेअर आठवतंय? २००९ मध्ये आलं. हॉटेलात गेलात की 'चेक-इन' करायचं, सगळ्यात जास्त वेळा करणारा तिथला 'मेयर'. आम्ही सगळे ऑफिससमोरच्या सँडविचवाल्याचा मेयर व्हायला भांडायचो. पोरखेळ वाटायचा. पण लाखो लोक स्वतःच्या हाताने सांगत होते की हा ठिपका म्हणजे हे हॉटेल. जगातल्या दुकानांच्या भिंती नेमक्या कुठे आहेत ते आम्ही त्यांना फुकटात आखून दिलं.

एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी जाहीर भाकीत केलं की चिपोटले या मेक्सिकन खाण्याच्या साखळीची त्या तिमाहीतली विक्री सुमारे ३० टक्के घसरणार. आधी त्यांच्या जेवणातून लोकांना ई-कोलाय या जंतूची बाधा झाली होती. कंपनीचे आकडे आले तेव्हा जुन्या दुकानांतली घसरण निघाली २९.७ टक्के. गल्ल्यात हात न घालता गल्ला सांगितला. त्यानंतर गुंतवणूकवाल्यांचं लक्ष न जातं तरच नवल. आणि ते मूळ हॉटेलं शोधायचं अ‍ॅप? २०२४ च्या डिसेंबरात बंद केलं. दुकान बंद, गोदाम चालू.

काळी बाजूही आहे. एक्स-मोड नावाच्या कंपनीचा तुकडा बऱ्याच अ‍ॅपमध्ये होता, त्यात 'मुस्लिम प्रो' हे नमाजाची वेळ आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा सांगणारं अ‍ॅपही. २०२० च्या नोव्हेंबरात बातमी फुटली की तो डेटा अमेरिकन लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जातो. जानेवारी २०२४ मध्ये एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या इथल्या सरकारी आयोगाने, त्या कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा नाजूक ठिकाणांचा डेटा विकायला बंदी केली. आणि तुम्ही फोन घरी ठेवून निघालात तर गाडी आहेच. जनरल मोटर्सच्या गाड्या काही वेळा दर तीन सेकंदांनी लोकेशन टिपत होत्या, आणि लोकांच्या चालवण्याची माहिती विम्याचे दर ठरवण्यासाठी पुढे विकली जात होती. हेही एफटीसीनेच मांडलंय, २०२५ च्या जानेवारीत.

---

रोखठोक_सातारकर | शनिवार, दुपारी १:०५

अमेरिकेचं पुराण पुरे. मी सरळ विचारतो: मला काय तोटा? मी रोज वाकड ते मगरपट्टा जातो. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या कोंडीच्या यादीत पुणं जगात चौथं आहे, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. नकाशावरची लाल रेघ नसती तर मी रोज अर्धा तास जास्त रस्त्यावर असतो. ती रेघ माझ्यासारख्यांच्या लोकेशनमधूनच येते ना? मी देतो, मला मिळतं. चोरी कसली त्यात? मी देवळात थांबलो हे कळलं कुणाला तर कळू दे की. मी नारळ फोडून पाप थोडंच करतोय.

---

बिनतारी | शनिवार, दुपारी १:२०

ती रेघ तशीच बनते, हे अगदी बरोबर. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सिमोन वेकर्ट नावाच्या कलावंताने हातगाडीत ९९ चालू फोन टाकले आणि मोकळ्या रस्त्यावरून रमतगमत गाडी ओढली. गूगलच्या नकाशावर तो रस्ता लालभडक. एक माणूस आणि त्याची गाडी, म्हणजे वाहतूक कोंडी.

पण रेघ बनवायला 'कुणीतरी हळू चाललंय' एवढंच पुरतं. तोच फोन रात्री कुठे झोपला हे कशाला लागतं?

---

मृदगंधा | शनिवार, दुपारी २:५०

सातारकर, तुम्ही 'देतो' म्हणालात. पण नाही म्हटलं तरी घेतात, त्याचं काय? इनमोबी ही मोबाइलवर जाहिराती दाखवणारी कंपनी आपल्याकडचीच. २००७ मध्ये मुंबईत 'एमखोज' नावाने सुरू झाली, पुढे बंगळुरूला गेली. वापरणाऱ्याने लोकेशनला नकार दिला तरी आसपासच्या वाय-फायवरून जागा काढून जाहिराती दाखवत होती, असा ठपका अमेरिकेच्या एफटीसीने २०१६ मध्ये ठेवला. लहान मुलांच्या अ‍ॅपमध्येसुद्धा. साडेनऊ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. बिनतारी म्हणाले ती राउटरवाली वाट म्हणजे हीच.

आणि निनावीचं म्हणाल तर २०१३ मधला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा मोबाइल डेटा घेतला. एका माणसाच्या फक्त चार वेळा आणि चार जागा माहीत असतील तर ९५ टक्के लोक त्या गर्दीत वेगळे ओळखू येतात. चार! माझ्या सासूबाईंना माझ्या दिवसातल्या सहा जागा माहीत असतात.

---

आजीचा_बटवा | शनिवार, दुपारी ३:०१

सासूबाईंचं एसडीके सगळ्यात जुनं. 😂

---

डबेवाली_सासवड | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मी दुसऱ्या टोकावरून बोलते. आम्ही दोघी मिळून दूध आणि भाजी घरपोच देण्याचा छोटा उद्योग चालवतो, सतरा पोरं आहेत गाडीवर. आम्हाला नकाशा फुकट नाही. तुम्ही फोनवर बघता तो फुकट. आमच्या अ‍ॅपमध्ये बसवला की प्रत्येक पत्ता शोधण्याचे, प्रत्येक मार्ग काढण्याचे पैसे. महिन्याचं बिल एकदा पेट्रोलच्या निम्म्यावर गेलं तेव्हा आम्ही हादरलोच.

मग आम्ही एक केलं. आपल्याकडचा पत्ता म्हणजे काय असतो? 'मारुतीच्या देवळामागे, पत्र्याचं गेट, कुत्र्यापासून सावध.' नकाशा असल्या पत्त्याला वेशीवर सोडतो. पण पोरगा जिथे गाडी स्टँडवर लावतो आणि तीन मिनिटं थांबतो, तो खरा पत्ता. आम्ही तोच साठवायला लागलो. आज अकराशे घरांचं खरं दार आमच्याकडे आहे, ते कुठल्याच नकाशावर नाही. परवा एका मोठ्या कंपनीचा माणूस भेटायला आला होता. त्याला आमच्या गाड्या नको होत्या, गिऱ्हाइकंही नको होती, ती अकराशे दारं हवी होती.

तिठ्यावरचा, तुमचं 'मुक्काम' बरोबर आहे. विकली नाहीत अजून. पण किंमत ऐकून रात्री झोप आली नाही हे खरं.

---

बिनतारी | शनिवार, संध्याकाळी ६:४५

मोठ्यांमध्येही हेच चाललंय. जुलै २०२४ मध्ये ओलाच्या भाविश अग्रवाल यांनी सांगितलं की गूगलच्या नकाशावर वर्षाला १०० कोटी जायचे, आता आमचा स्वतःचा नकाशा. काही दिवसांतच गूगलने भारतातल्या डेव्हलपरांसाठी दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले, १ ऑगस्टपासून लागू, बिलही रुपयांत. तेव्हाच मॅपमायइंडिया या देशी नकाशा कंपनीने ओलाला नोटीस धाडली, आमचा डेटा उचललात म्हणून. ही मॅपमायइंडिया १९९५ पासूनची. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत कोका-कोला होती: कुठे वितरक आहे, कुठे नाही. म्हणजे तीस वर्षांपूर्वीही प्रश्न तिठ्यावरचा यांचाच होता, दुकान कुठे टाकू.

एक फरक मात्र करायला हवा. गूगलसारखे मोठे म्हणतात आम्ही लोकेशन विकत नाही, आणि ते शब्दशः खरं असू शकतं. ते विकत नाहीत, भाड्याने देतात. 'दोन किलोमीटरमधल्या लोकांना माझ्या बेकरीची जाहिरात दाखव' म्हणायचं, पैसे भरायचे. लोक कोण ते बेकरीवाल्याला कळत नाही. गाय आपली, दावणीला त्यांच्या, दूध तिसऱ्याला. विकणारे ते बारके, ज्यांचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसतं. म्हणून मोठे संत ठरतात असं नाही. लोकेशनबद्दल वापरणाऱ्यांची दिशाभूल केली म्हणून गूगलला २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर द्यावे लागले.

---

पिंपरी_बायपास | शनिवार, रात्री १०:२०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दीड वर्षं जेवण पोचवायचं काम केलं. कंपनीचं नाव नको. तुम्ही सगळे मुक्काम मुक्काम म्हणताय म्हणून लिहावंसं वाटलं. आम्हाला अंतराचे पैसे मिळायचे. हॉटेलच्या दारात पंचवीस मिनिटं थांबलो तर त्याचे जवळपास काही नाही. पण अ‍ॅपला ती पंचवीस मिनिटं माहीत असतात. त्यावरूनच ते ठरवतात की या हॉटेलला वेळ लागतो, इथे पोरगा उशिरा पाठवा, गिऱ्हाइकाला चाळीस मिनिटं सांगा. म्हणजे माझ्या थांबण्यातून त्यांचं गणित सुधारतं. आम्ही आठ-दहा जण संध्याकाळी एका वडाखाली थांबायचो, तिथे ऑर्डर लवकर पडते म्हणून. ते झाड कंपनीला माहीत, आमची नावं माहीत, कोण किती वेळ बसला ते माहीत. संडास कुठे आहे ते मात्र अ‍ॅपमध्ये नाही.

आता कुरिअरला आहे. तिथेही तेच आहे, पण पगार आहे.

---

मृदगंधा | शनिवार, रात्री १०:३५

पिंपरी_बायपास, चुकलं काही नाही. लिहीत राहा.

---

रोखठोक_सातारकर | शनिवार, रात्री ११:००

हे वाचून गप्प बसलो. माझा मुद्दा सोडत नाही, पण गप्प बसलो.

---

काळा_कोट | रविवार, सकाळी १०:१५

कायद्याचं थोडक्यात. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने फ्रँक व्हायटस प्रकरणात सांगितलं की आरोपीने गूगल नकाशाची पिन टाकून तपास अधिकाऱ्याला कायम लोकेशन कळेल असं ठेवावं, अशी जामिनाची अट घालता येणार नाही. खंडपीठावर आपल्या ठाण्याचे न्या. अभय ओक होते. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांनी सतत डोकावणं घटनेच्या २१ व्या कलमात बसत नाही. मजा म्हणजे त्याच प्रकरणात हेही निघालं की नुसती पिन टाकल्याने माणसाचा सतत माग निघतच नाही. न्यायालयं वर्षानुवर्षं घालत होती ती अटच निरुपयोगी होती.

आता गंमत बघा. गुन्ह्यातल्या आरोपीला हे संरक्षण आहे. आपण मात्र 'अ‍ॅक्सेप्ट' दाबून रोज तीच अट स्वतःवर घालून घेतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट, कारणापुरती आणि परत घेता येण्याजोगी हवी असं आहे. ती परत कशी घ्यायची हे विचारणारं अशील माझ्याकडे अजून एकही आलेलं नाही.

---

आजीचा_बटवा | रविवार, सकाळी ११:२०

माझ्यासारखीने करायचं काय ते सांगा. शास्त्रार्थ पुरे.

---

बिनतारी | रविवार, सकाळी ११:५०

सेटिंगमध्ये लोकेशन उघडा, अ‍ॅपांची यादी दिसेल. 'नेहमी' असं जिथे असेल तिथे 'वापरताना फक्त' करा. हवामान, बातम्या, खरेदी यांचं 'अचूक लोकेशन' बंद करा. पाऊस काही तुमच्या गॅलरीपुरता पडत नाही. जाहिरात-क्रमांक पुसून टाका, गोपनीयतेच्या पानावर असतो. टॅक्सी आणि नकाशाला अचूक राहू द्या, नाहीतर रिक्षा मागच्या गल्लीत उभी राहील आणि शिव्या मला पडतील.

---

चिंचपोकळी_स्लो | रविवार, दुपारी १२:३०

सॅटेलाइटबद्दल माझं चुकलं, मान्य. पण तिठ्यावरचा, त्या सिंहगड रस्त्याच्या कोपऱ्याची गंमत राहिली की.

---

तिठ्यावरचा | रविवार, रात्री ९:१०

हो, ती राहिली.

डेमोनंतर आमच्या साहेबांनी त्या कंपनीचा रिपोर्ट विकत घेतला. त्यात पहिल्या पाच जागांत तो कोपरा. फोन भरपूर, आणि सरासरी मुक्काम सहा मिनिटं. सहा मिनिटं म्हणजे औषधाच्या दुकानाला सोनं. मी म्हटलं, साहेब, २०११ मध्ये मी इथे 'नको' लिहिलंय, चार दिवसांत माणसंच मोजायला मिळाली नव्हती. ते म्हणाले, आठ वर्षांत भाग बदलतो, तू अजून टिकटिकमध्येच आहेस. दुकान टाकलं. डिपॉझिट जबर, फर्निचर नवं, फ्रीज दोन.

चार महिने माशा मारल्या. एका संध्याकाळी बाहेर येऊन टपरीवर गेलो. टपरी तीच, माणूस तोच, आता मुलगा हाताशी होता. विचारलं, एवढी गर्दी दिसते रस्त्यावर, आत कुणी येत का नाही?

तो किटली खाली ठेवत म्हणाला, "साहेब, ती गर्दी कुठंय, तो सिग्नल आहे. तीनदा हिरवा झाल्याशिवाय पलीकडं निघता येत नाय. लोक थांबतात खरं, पण उतरतंय कोण?"

चहाचे पैसे घेतले त्याने.